गाय गाभण की उलटली? ‘होय-नाही’च्या नोंदींतील स्थिर परिणामांचे वाचन

अहिल्यानगर जिल्हा, ज्याचे नाव 2024 सालापर्यंत अहमदनगर असे होते, हा वस्तुतः दोन भिन्न परिस्थितींचा जिल्हा आहे. 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यावर प्रवराकाठी ऊस उभा राहिला आणि पुढे मुळा धरणाने राहुरी-नेवासे भागात बागायत आणली. उलटपक्षी पाथर्डी, कर्जत, जामखेड हे तालुके पर्जन्यछायेत असून तेथे पावसाने ओढ दिली की प्रथम चाऱ्याची चिंता उभी राहते. संकरित गाय मात्र दोन्हीकडे आढळते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन फ्रिजियन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय तयार केली, तेव्हापासून या जिल्ह्यातील गोपालकाला संकराची भाषा परकी राहिलेली नाही.

गाईच्या दुधाचे माप लिटरमध्ये घेता येते. कृत्रिम रेतनाचे फळ मात्र दोनच शब्दांत सांगावे लागते: गाय गाभण राहिली, किंवा उलटली. मधली पायरी नाही. शेळी व्याली तर तिला एक करडू झाले की जुळी झाली, वासरू जगले की दगावले, या नोंदीही अशाच ‘होय-नाही’च्या आहेत. गाय एकदा उलटली म्हणजे पुढच्या माजापर्यंत सुमारे एकवीस दिवस तिला विनाफायदा पोसावे लागते. तीनदा उलटली तर दोन महिने गेले. अशी जनावरे कोणत्या कारणाने उलटतात, कोणत्या वळूची रेतमात्रा उपयोगी पडते, कोणत्या महिन्यांत रेतन साधते, हे ठरविण्यासाठी या नोंदींचे संख्याशास्त्रीय पृथक्करण केले जाते. त्यातून आकड्यांचा एक तक्ता निघतो. या तक्त्याचा अर्थ चुकीचा लावला गेल्यास चांगला वळू नापसंत होतो, रेतन करणाऱ्या माणसावर नसता ठपका येतो आणि एखाद्या कुटुंबाची उत्तम शेळी पहिल्याच वेतानंतर खाटकाच्या दारी जाते.

स्थिर परिणाम म्हणजे काय

पृथक्करणात दोन प्रकारची कारणे मांडली जातात. हंगाम, वर्ष, गाईचे वेत, रेतनाची वेळ, तालुका ही कारणे ठराविक वर्गांत मोडतात आणि त्या प्रत्येक वर्गाविषयीच उत्तर हवे असते. उन्हाळ्यात काय होते, पहिल्या वेताच्या गाईत काय होते, असा प्रश्न असतो. यांना स्थिर परिणाम म्हणतात. वळू, गाय, गोठा हे मात्र एका मोठ्या समुदायातून आलेले नमुने समजले जातात. आज या वळूची मात्रा वापरली, उद्या दुसऱ्याची. म्हणून त्यांना यादृच्छिक परिणाम म्हणतात. अमेरिकेतील चार्ल्स हेंडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या दोहोंना एकाच समीकरणात बसविण्याची रीत घालून दिली आणि जगभरची वळू-निवड त्या रीतीवर चालू लागली.

पैदास-शास्त्रज्ञाचे लक्ष बहुधा वळूकडे असते. स्थिर परिणाम हे त्याच्या दृष्टीने वाटेतले धुके, जे बाजूला सारले की वळूचा खरा गुण दिसतो. गोपालकाच्या दृष्टीने गोष्ट नेमकी उलट आहे. गर्भधारणेच्या गुणाची आनुवंशिकता फारच थोडी, सामान्यतः शेकडा पाचाच्या आत आढळते. याचा अर्थ असा की, एका गाईत व दुसरीत जो फरक दिसतो त्याचा बहुतेक भाग हवा, चारा, निगा, माज ओळखण्यातील तत्परता यांतून येतो. ज्याला शास्त्रज्ञ धुके म्हणतो त्यातच शेतकऱ्याच्या हाती असलेले उपाय दडलेले असतात. म्हणून तक्त्यातील तो भाग ओलांडून जाण्याजोगा नाही.

दोन वळूंचा हिशेब

हंगाम हिशेबात न घेतल्यास काय घडते याचे एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ हिशेबापुरते कल्पिलेले आहेत. समजा, एका केंद्रावर पहिल्या वळूच्या शंभर मात्रा वापरल्या. त्यांपैकी 80 हिवाळ्यात वापरल्या व 40 गाई गाभण राहिल्या. 20 उन्हाळ्यात वापरल्या व 6 गाभण राहिल्या. एकूण 46. दुसऱ्या वळूच्याही शंभर मात्रा वापरल्या. परंतु हिवाळ्यात 20, त्यांत 11 गाभण, आणि उन्हाळ्यात 80, त्यांत 28 गाभण. एकूण 39. नुसत्या बेरजा पाहिल्यास पहिला वळू सरस ठरतो. परंतु हिवाळ्यात पहिल्याचे यश शेकडा 50 तर दुसऱ्याचे 55. उन्हाळ्यात पहिल्याचे 30 तर दुसऱ्याचे 35. दोन्ही हंगामांत दुसराच वळू सरस आहे. त्याच्या वाट्याला वैशाखाचे दिवस अधिक आले, एवढाच त्याचा दोष.

हंगाम हा स्थिर परिणाम म्हणून मांडला की हा अन्याय टळतो. हाच न्याय रेतन करणाऱ्यालाही लागू आहे. ज्याच्याकडे टंचाईच्या गावांचा फेरा आहे त्याची बेरीज बागायती गावांत फिरणाऱ्याच्या बेरजेशी थेट ताडून पाहणे योग्य नव्हे. 2019 सालच्या उन्हाळ्यात या जिल्ह्यात असंख्य जनावरे चारा-छावण्यांत होती; त्या वर्षाचा आकडा इतर वर्षांच्या आकड्यांत वर्षाचा परिणाम न मांडता मिसळल्यास कोणाचेही मूल्यमापन बिघडेल.

आकडा शेकडेवारीचा नसतो

तक्ता वाचताना पहिली अडचण येथे येते. दुधाच्या पृथक्करणात ‘उन्हाळा : उणे दीड’ असे आले तर दीड लिटर दूध कमी, असा सरळ अर्थ होतो. ‘होय-नाही’च्या पृथक्करणात ‘उन्हाळा : उणे 0.69’ असे आले तर गर्भधारणा शेकडा 69 ने घटली असा अर्थ होत नाही आणि शेकडा 0.69 ने घटली असाही होत नाही.

येथे मोजमापाची पट्टीच निराळी असते. शंभर गाईंपैकी 50 गाभण राहिल्या व 50 उलटल्या तर दोन्ही पारडी समान, म्हणजे प्रमाण 1. साठ गाभण व चाळीस उलटलेल्या असल्यास प्रमाण दीड. वीस व ऐंशी असल्यास पाव. या प्रमाणाला इंग्रजी वहिवाटीने ‘ऑड्स’ म्हणतात. तक्त्यातील आकडा हा या प्रमाणाच्या लॉगरिदममधील फरक असतो. उणे 0.69 चा लॉगरिदम उलटा फिरविला की अर्धा येतो; म्हणजे उन्हाळ्यात हे पारड्यांचे प्रमाण निम्मे होते, गाभण गाईंची संख्या निम्मी होत नाही.

आता हे ‘निम्मे’ निरनिराळ्या गोठ्यांत काय रूप घेते ते पाहावे. ज्या गोठ्यात हिवाळ्यात शेकडा 50 गाई गाभण राहतात तेथे प्रमाण 1 चे अर्धे होऊन उन्हाळ्यात शेकडा 33 राहतील. घट 17 गाईंची. जेथे हिवाळ्यात 80 राहतात तेथे प्रमाण 4 वरून 2 वर येईल, म्हणजे शेकडा 67. घट 13 गाईंची. जेथे मुळातच 20 राहतात तेथे प्रमाण पावाचे अष्टमांश होईल, म्हणजे शेकडा 11. घट 9 गाईंची. तक्त्यातील आकडा एकच, पण गोठ्यातील परिणाम तीन प्रकारचे. उन्हाळ्यात पत्र्याखालील गोठ्यावर पाचट टाकणे, दुपारी पाण्याचे फवारे मारणे, रेतन सकाळच्या थंड वेळी उरकणे या उपायांनी किती गाई वाचतील हे सांगावयाचे असेल तर तक्त्यातील आकड्याला त्या गोठ्याच्या मूळ पातळीवर बसवून मगच शेकडेवारी काढावी लागते. ही मूळ पातळी छापल्यावाचून दिलेला तक्ता अर्धाच होय.

उंबरठ्याची कल्पना

काही पृथक्करणांत लॉगरिदमऐवजी दुसरी पट्टी वापरली जाते आणि तिच्यामागील विचार मोठा मनोवेधक आहे. 1934 साली स्यूअल राइट हे गिनीपिगच्या पायांच्या बोटांचा अभ्यास करीत होते. त्या प्राण्याच्या मागील पायास सामान्यतः तीन बोटे असतात. काहींना चौथे येते. राइट यांनी असे मानले की, बोट येण्याकडे असलेली आंतरिक प्रवृत्ती प्रत्येक प्राण्यात कमीअधिक, सलग स्वरूपात असते; ती एका मर्यादेपलीकडे गेली की बोट दिसते, अलीकडे राहिली की दिसत नाही. जणू घराचा उंबरठा. पाणी उंबरठ्याच्या बोटभर खाली असो की हातभर खाली असो, घरात ते शिरत नाही. पुढे 1983 साली जियानोला व फूली यांनी वळूंच्या मूल्यमापनासाठी या उंबरठ्याच्या कल्पनेची सुसंगत गणिती रीत मांडली.

या रीतीत स्थिर परिणाम म्हणजे पाण्याची पातळी किती चढली वा उतरली हे सांगणारा आकडा. ही पातळी इंचात किंवा फुटांत नसते. जनावराजनावरांतील जो उरलेला फरक असतो त्याचे प्रमाण-विचलन एक मानून पट्टी आखलेली असते. 0.5 इतका परिणाम म्हणजे प्रवृत्ती अर्ध्या विचलनाने चढली. मूळ प्रमाण शेकडा 50 असेल तेथे यामुळे ते 69 होईल. शेकडा 2 असेल तेथे 6 होईल. शिवाय लॉगरिदमच्या पट्टीवरील आकडे या पट्टीवरील आकड्यांच्या साधारण 1.6 ते 1.8 पट मोठे येतात. एका अहवालातील 0.8 आणि दुसऱ्यातील 0.5 हे पाहून पहिल्या ठिकाणी परिणाम अधिक, असे म्हणणाऱ्याने प्रथम दोन्ही अहवालांची पट्टी एकच आहे की नाही हे तपासावे.

एक साधा मार्ग असाही आहे की, ‘होय’ला 1 व ‘नाही’ला 0 समजून दुधाप्रमाणेच सरळ रीतीने पृथक्करण करावयाचे. विद्वानांनी या रीतीला पुष्कळ नावे ठेवली आहेत. तथापि, प्रमाण शेकडा पंचवीस ते पंचाहत्तर या दरम्यान असेल तर तिची उत्तरे फारशी वेगळी येत नाहीत आणि ती थेट शेकडेवारीत वाचता येतात, हा गुण कमी लेखू नये. कृत्रिम रेतनाच्या नोंदी बहुधा याच टापूत असतात. वासरे दगावण्यासारख्या क्वचित घडणाऱ्या गोष्टींना मात्र ती लावू नये.

शून्य कोणाला दिले आहे

संगमनेरी शेळी ही या जिल्ह्याची स्वतःची जात. दूध व मांस या दोन्ही कामी उपयोगी. तिच्या वेतांच्या नोंदींवरून जुळी करडे होण्याचे पृथक्करण केले, आणि तक्त्यात ‘पहिले वेत 0, दुसरे 0.7, तिसरे 1.1’ असे आले, अशी कल्पना करावी. येथेही आकडे समजावण्यापुरतेच. पहिल्या वेतासमोरील शून्याचा अर्थ पहिल्या वेतात जुळी होत नाहीत असा नाही, किंवा वेताचा परिणाम नाही असाही नाही. पृथक्करणाला फक्त वर्गावर्गांतील अंतर कळते; म्हणून एका वर्गाला शून्य धरून बाकीचे त्यापासून मोजतात. तिसऱ्या वेताला शून्य धरले असते तर पहिल्यासमोर उणे 1.1 व दुसऱ्यासमोर उणे 0.4 आले असते. अंतरे तीच राहतात. ज्या वर्गात मोजक्याच नोंदी आहेत त्याला शून्य धरल्यास मात्र बाकी सर्व आकड्यांसमोरील प्रमाण-दोष फुगतो आणि कोठेच फरक नाही असा आभास होतो.

1.1 चा उलटा लॉगरिदम 3 येतो. ‘तिसऱ्या वेतात जुळी होण्याचे प्रमाण तिप्पट’ हे वाक्य अशा वेळी हमखास लिहिले जाते आणि ऐकणारा तिप्पट करडांचा हिशेब मांडतो. पहिल्या वेतात शंभरांत 20 शेळ्यांना जुळी होत असतील तर पारड्यांचे प्रमाण पाव. त्याची तिप्पट पाऊण. म्हणजे शंभरांत 43. साठ नव्हेत. तरीही वीसावरून त्रेचाळीस हा फरक लहान नाही. पहिल्या वेतात एकच करडू दिले म्हणून शेळी विकून टाकणाऱ्याने तिचे मोल तिच्या सर्वांत उण्या वेतावरून केले, असे या आकड्यावरून दिसते.

येथे एक सावधगिरी हवी. तिसऱ्या वेतापर्यंत पोचलेल्या शेळ्या या निवडक असतात. एकेक करडू देणाऱ्या कित्येक आधीच बाजारात गेलेल्या असतात. तेव्हा तक्त्यातील 1.1 मध्ये काही भाग वयाचा, तर काही भाग मालकाच्या निवडीचा असतो. शेळीची ओळख ठेवून तिचा यादृच्छिक परिणाम मांडला तर हा घोटाळा काहीसा कमी होतो. पण विकलेल्या शेळीच्या न घडलेल्या वेतांची नोंद कोठून आणणार?

सबंध जिल्हा आणि एक गोठा

गोठ्याला यादृच्छिक परिणाम म्हणून मांडल्यावर स्थिर परिणामाच्या अर्थात एक सूक्ष्म बदल होतो, ज्याकडे जाणत्यांचेही दुर्लक्ष होते. त्यानंतर ‘उन्हाळा’ या शब्दासमोरील आकडा त्याच गोठ्यातील हिवाळा व उन्हाळा यांची तुलना सांगतो; सबंध जिल्ह्याच्या सरासरीची नव्हे. समजा, एका गोठ्यात हिवाळ्यात शेकडा 80 व दुसऱ्यात शेकडा 20 गाई गाभण राहतात, आणि उन्हाळ्यात प्रत्येक ठिकाणी पारड्यांचे प्रमाण एक-चतुर्थांश होते. पहिल्यात 80 चे 50 होतील, दुसऱ्यात 20 चे सुमारे 6. दोहोंची सरासरी हिवाळ्यात 50 व उन्हाळ्यात 28 येते. या सरासऱ्यांवरून प्रमाण काढल्यास ते एक-चतुर्थांश न येता सुमारे 0.39 येते. कोणीही खोटे बोललेले नाही. गोपालकाने पहिला आकडा आपल्या गोठ्यासाठी वाचावा. जिल्ह्यासाठी किती रेतमात्रा मागवाव्यात हे ठरविणाऱ्या अधिकाऱ्याने दुसरा. गोठ्यागोठ्यांतील तफावत जितकी अधिक, तितके या दोन आकड्यांतील अंतर अधिक. आणि प्रवराकाठ व पाथर्डीचा माळ यांतील तफावत कोणास सांगावयास नको.

अतिप्रचंड आकडे

कधी कधी तक्त्यात एखाद्या गावासमोर ‘उणे 14’ असा आकडा व त्याच्यासमोर शेकड्यांत जाणारा प्रमाण-दोष दिसतो. हा भयंकर परिणाम नसून त्या गावात नोंदलेल्या चारही गाई उलटल्या, एवढाच त्याचा अर्थ असतो. सर्वच ‘नाही’ किंवा सर्वच ‘होय’ आले की लॉगरिदमला थांबावयास जागा उरत नाही आणि गणकयंत्र कोठेतरी थकून थांबते. अशा वेळी लहान वर्ग शेजारच्या वर्गात मिसळावा, गाव-महिना यांसारखे बारीक गट यादृच्छिक परिणामात न्यावेत, किंवा डेव्हिड फर्थ यांनी 1993 साली सुचविलेली दुरुस्त रीत वापरावी.

उलट, साध्या दिसणाऱ्या आकड्यालाही प्रमाण-दोषाची जोड हवीच. वर घेतलेल्या उणे 0.69 चा प्रमाण-दोष 0.20 असेल, तर खरा आकडा उणे 1.09 ते उणे 0.29 यांच्या दरम्यान असण्याचा संभव मानतात. हिवाळ्यात शंभरांत 50 गाभण राहणाऱ्या गोठ्यात याचा अर्थ उन्हाळ्यात 25 ते 43 असा होतो. एवढ्या रुंद पट्ट्यावर पत्र्याचा खर्च करावयाचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. आकडेशास्त्राचा शेतीत उपयोग शिकविणारा जो ग्रंथ पानसे व सुखात्मे यांनी 1954 साली सिद्ध केला, त्याचे शिक्षण घेतलेल्या पिढ्यांना प्रमाण-दोषावाचून आकडा छापणे अशोभनीय वाटत असे. ती सवय टिकावी.

नोंदवहीतील ‘नाही’

पृथक्करण कितीही कुशल असले तरी त्याचा पाया गावातील नोंदवहीत असतो. आता जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला असतो आणि रेतनाची नोंद त्या क्रमांकावर चढते, ही सोय झाली आहे. परंतु रेतनानंतर दोन ते तीन महिन्यांनी गर्भतपासणी करावयाची असते आणि ती प्रत्येक गाईची होतेच असे नाही. तपासणी न झालेली गाय कोणी गाभण समजतो, कोणी उलटलेली समजतो, कोणी वहीतून गाळतो. तिन्ही मार्गांनी स्थिर परिणाम बिघडतात, कारण तपासणी सुटते ती सर्वत्र सारखी सुटत नाही. जी गाय उघडपणे पुन्हा माजावर आली तिची तपासणी कोण करणार? आणि जी दरम्यान विकली गेली तिची? टंचाईच्या महिन्यांत विक्री अधिक होते, म्हणून नेमक्या त्याच महिन्यांतील ‘नाही’ वहीतून नाहीसे होतात आणि उन्हाळा आहे त्यापेक्षा सौम्य दिसू लागतो.

यास्तव दूधसंस्थेच्या वहीत ‘गाभण’ व ‘उलटली’ या दोन रकान्यांशेजारी ‘तपासणी नाही’ हा तिसरा रकाना असावा आणि त्यात कारण लिहावे: विकली, मेली, मालकाने आणली नाही, पुन्हा माजावर आली. रेतनाची तारीख, माज प्रथम दिसल्याची वेळ, गाईचे कितवे वेत, मागील वेत केव्हा झाले आणि रेतमात्रेवरील वळूचा क्रमांक या गोष्टी रेतनाच्याच दिवशी, गाय बांधलेल्या ठिकाणी लिहिल्या जाव्यात. तिसऱ्या महिन्यात आठवून लिहिलेली वेळ बहुधा ‘सकाळ’ अशीच असते.